सासरची माणसं लिहू नयेत

दुधनी, १२ फेब्रुवारी २०२४

ऋतुजाबाई,

रक्ताच्या नळ्यांचा डबा आज सकाळच्या गाडीनं सोलापूरला गेला. तिथून कुरिअरवाला उद्या तुझ्या पुण्याच्या लॅबमध्ये पोचवेल. कागदांच्या पाकिटात हे पत्रही घातलंय. फोन करावा तर तू कायम मीटिंगमध्ये, आणि त्या मोबाईलवर एवढं सगळं लिहायला माझी बोटं वळत नाहीत. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रजिस्टरं लिहिली. आता रिटायर झाल्यावर सख्ख्या भाचीच्या हाताखाली काम करायची वेळ आली, तर मावशीचं अक्षर तुला सोसावंच लागेल.

बायकांच्या छातीच्या कॅन्सरच्या तपासणीची तुमची गाडी मार्केट यार्डाच्या मागे उभी केली. पहिल्या दिवशी गाडी बघायला नुसती कुत्री आली. छातीचा फोटो काढतात म्हटल्यावर बायांनी पदर आणखी घट्ट केले. एकीनं विचारलं, "फोटू कोण बघणार?" मी म्हटलं, माझी भाची, पुण्यात. "बाप्या माणूस न्हाय की?" म्हटलं, न्हाय गं बाई. मग ती चढली, आणि तिच्यामागून तिच्या दोन जावा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरला लागते तशी रांग.

आता तुझा तो चार पानी फॉर्म. पहिल्या पानावर घरची माणसं लिहायची: नवरा, सासू, सासरा, कोण जिवंत, कोण कशानं गेलं. तिसऱ्या पानावर रक्ताच्या नात्यात कुणाला कॅन्सर होता ते. ट्रेनिंगला तुम्ही बजावलंत, एक माणूस फॉर्मवर एकदाच. ठीक आहे. पण एका ठिकाणी अडलंय. शिवानी म्हणून एक पोर आली. एकतीस वर्षांची, ब्लाउज शिवते, पदरात दोन मुली. तिची आई ती लहान असतानाच बाळंतपणात गेली. तिची सासू चंद्रव्वा छातीच्या गाठीनं गेली, बेचाळिसाव्या वर्षी. नणंद गुरम्मा, तिची एक बाजू सोलापूरला काढून टाकली. आता हे तिसऱ्या पानावर कुठं बसवू? शेवटी समासात लिहिलं, "सासू व नणंद, दोघींना." चालेल का सांग.

पोर लई घाबरलीय. सारखी मला विचारते, "बाई, माझंबी तसंच व्हईल का?" काय सांगू तिला?

तुझी
विजूमावशी

---

पुणे, २३ फेब्रुवारी २०२४

प्रिय मावशी,

डबा छान पोचला, बर्फही शिल्लक होता. तुझं पत्र मी लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. कुत्र्यांपाशी येऊन सगळे हसले. पण एक ऐक, पत्रात बायकांची नावं लिहू नकोस. प्रत्येकीला नंबर दिलाय तो कशासाठी?

तू विचारत होतीस ना, एवढा खटाटोप कशाला. युरोपातल्या बायकांना हा कॅन्सर बहुतेक साठीच्या पुढे होतो. आपल्याकडे चाळिशीतच, कधी त्याच्याही आधी, आणि कॅन्सरचा प्रकारही वाईट. असं का होतं ते कुणालाच धड माहीत नाही. जनुकांत काही आहे, की छातीची ठेवणच वेगळी, की बायका उशिरा दवाखान्यात येतात एवढंच? म्हणून आपण तीन ठिकाणच्या बायका घेतल्यात: अक्कलकोट तालुका, पुणे शहर आणि इंग्लंडमधलं एक केंद्र. तिन्हीकडे फोटो तेच, रक्ताची तपासणी तीच. फॉर्मसुद्धा तिथलाच शब्दाला शब्द मराठीत केलाय. तो मीच केला. नाहीतर तुलना करणार कशी?

तुझ्या त्या मुलीचा फोटो पाहिला. तिची छाती फार दाट आहे, फोटोत जवळजवळ सगळं पांढरं दिसतं. गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे अशा फोटोत लहान गाठ लपून जाते. अशांचं एमआरआय करावं लागतं आणि जनुकांची पूर्ण तपासणीही. पण ते सगळ्यांचं करायला प्रकल्पाकडे पैसे नाहीत. ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कॅन्सर आहे त्यांचंच करतो. सासू आणि नणंद काही रक्ताच्या नाहीत. ती ओळ खोड. तशीच राहिली तर इथला मुलगा ती कॉम्प्युटरवर चढवेल आणि सगळे आकडे बिघडतील. बाकीच्यांच्या फॉर्मवर असं काही लिहिलं असशील तर तेही खोड. सासरची माणसं लिहू नयेत, हा नियमच आहे. आणि खोडलंस की शेजारी त्या बाईची सही घे. तिच्यासमोरच खोडायचं असतं.

तिला म्हणावं, काळजी करू नकोस. वर्षानं पुन्हा फोटो काढू.

तुझी
ऋतुजा

---

दुधनी, ६ मार्च २०२४

ऋतुजाबाई,

नंबर-बिंबर तुझे तू सांभाळ. त्र्याऐंशी नंबरची कशी आहे, असं मला विचारता येत नाही. मी शिवानी म्हणणार.

आठवडाभर घरोघर फिरून फॉर्म दुरुस्त केले. त्र्याण्णव निघाले! पायांचे तुकडे पडले. मला आपलं वाटलं होतं की सासूचं तुम्ही धराल. पण शास्त्र तुमचं, नियम तुमचा. मी म्हटलं, शिकलेल्या लोकांनी काहीतरी विचार करूनच ठरवलं असेल. दवाखान्यातही साहेबांनी सांगितलं की लिहायचं, नको म्हटलं की खोडायचं, अशीच माझी नोकरी झाली.

शिवानीकडे सगळ्यात आधी गेले. मशीनवर बसली होती. तिच्यासमोर पट्टी ठेवून ओळ खोडली. तिनं विचारलं, "म्हंजे ते माझ्याकडं धरायचं न्हाय?" म्हटलं, न्हाय धरायचं, पुण्याहून कळवलंय. तिनं सही केली, कन्नडमध्ये, तिची शाळा त्या भाषेतली. आणि पोर हसली गं. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. उठून चहा ठेवला, मला जेवल्याशिवाय सोडेना. नवरा मल्लप्पा गिरणीत हमाली करतो, तोही जेवायला घरी आला होता. म्हणाला, "मावशी, ही रातची झोपतच न्हवती बगा. आता झोपंल."

तुझ्या लॅबनं दुधनीत एक चांगलं काम केलं असं मी त्या दिवशी म्हटलं.

विजूमावशी

---

पुणे, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

इतके महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी बातमी वाच. दिल्लीच्या परिषदेत मी आपला निबंध वाचला आणि तो गाजला! आमच्या लॅबचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिनं माती उकरून सोनं काढलं. परदेशातून आलेली मोठी माणसं जेवणाच्या वेळी मला शोधत आली.

काय सापडलं ते सोपं करून सांगते. तुमच्या तालुक्यात तरुण बायकांना हा आजार पुण्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे घराण्यातून येत असणार असं कुणालाही वाटेल. पण तुमच्याकडे रक्ताच्या नात्यात कॅन्सर असण्याचं प्रमाण तिन्ही ठिकाणांत सगळ्यात कमी आहे. पुण्याच्या निम्मंही नाही! आजार जास्त आणि घराण्यात नाही. मग येतो कुठून? पाण्यातून, खाण्यातून, की आजवर कुणी न पाहिलेल्या एखाद्या जनुकातून? पुढची पाच वर्षं याच प्रश्नावर काम करायला निधी मिळेल असं दिसतंय.

हे सगळं तुझ्या फॉर्मांवर उभं आहे. सर म्हणाले, अक्कलकोटचे फॉर्म सगळ्यात स्वच्छ. मी ऐटीत सांगितलं, माझी मावशी आहे.

फेब्रुवारीत वर्षाची फेरी सुरू कर. आणि दिवाळीला पाठवलेली साडी नेस, कपाटात घालून ठेवू नकोस.

ऋतुजा

---

दुधनी, १ मार्च २०२५

ऋतुजा,

शिवानी परवा गाडीवर आली. वर्षाच्या फेरीचा निरोप देऊन तीन वेळा माणूस पाठवला, तेव्हा आली. ब्लाउज काढला आणि मला फोटोची गरजच राहिली नाही. डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, वरची कातडी ओढलेली, काखेतही दोन लागल्या हाताला. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, सहा-सात महिने झाले असतील.

माझा संताप झाला. सगळ्यांदेखत ओरडले तिच्यावर. सहा महिने! तुझ्या घरात दोघींना झालेलं, मी तुझ्या गल्लीतून दर आठवड्याला जाते, आणि तू मला हाक मारली नाहीस? ती काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला ट्रस्टच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तुकडा काढलाय तपासायला. मल्लप्पा बाकावर बसून "एन माडोदु मावशी, एन माडोदु" एवढंच म्हणत होता. काय करायचं मावशी, काय करायचं. मला तरी कुठं ठाऊक होतं?

तुमच्या फोटोत हे गेल्या वर्षी का दिसलं नाही ते मला कळव. मला तिला काहीतरी सांगावं लागेल.

विजूमावशी

---

पुणे, २७ मार्च २०२५

मावशी,

तुकड्याचा रिपोर्ट तुम्हाला मिळालाच असेल. हा सगळ्यात आडमुठा प्रकार आहे. नेहमीची औषधं पेशीवर जिथं जाऊन धरतात, त्या तिन्ही जागा याच्यात नसतात. केमो द्यावी लागेल. हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलले मी. यकृतातही पोचलाय म्हणाले. हे तिला त्यांनीच सांगू दे.

फोटोत का दिसलं नाही विचारलंस. मी तेव्हा लिहिलं होतं तेच, पांढऱ्यात पांढरं. एमआरआयमध्ये कदाचित सुरुवातीची खूण दिसली असती. पण तिचं नाव त्या यादीत नव्हतं.

तिचं वय एवढं कमी, मला राहवलं नाही. गेल्या वर्षीची तिची रक्ताची नळी फ्रीझरमधून काढून पूर्ण तपासणी केली. परवानगी नंतर घेतली, त्याबद्दल सरांची बोलणी खाल्ली. मावशी, तिच्यात बिघडलेलं जनुक आहे. घराण्यातून येतं ते. हे जनुक असलेल्या शंभर बायकांतल्या साठ-सत्तर जणींना पुढे कॅन्सर होतो. ते तिला आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असणारच, आभाळातून पडत नाही. पण तिच्या फॉर्मवर तिसरं पान कोरं आहे. रक्ताच्या नात्यात कुणालाच नाही! असं कसं होईल? तिच्या आईच्या माहेरी नीट चौकशी कर ना. कुणीतरी आजी, कुणीतरी मावशी असणारच, जिचं तिला ठाऊक नसेल.

ऋतुजा

---

दुधनी, २ एप्रिल २०२५

कुणीतरी आजी, कुणीतरी मावशी.

ऋतुजा, तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि तशीच लिहायला बसले. शिवानी मल्लप्पाला दिलीय. मल्लप्पा तिचा सख्खा मामा. तिच्या आईचा धाकटा भाऊ! दुधनीतलं शेंबडं पोरही सांगेल हे. चंद्रव्वा तिची सासू आणि चंद्रव्वाच तिच्या आईची आई. गुरम्मा तिची नणंद आणि गुरम्माच तिची मावशी. मी त्यांच्या लग्नात पंगत वाढलीय. इकडे अर्ध्या घरांत मुलगी मामाला देतात, नाहीतर आत्याच्या घरात देतात. कितीतरी घरांत सासू म्हणजे आजीच किंवा आत्याच.

तुम्ही सांगितलंत, एक माणूस एकदाच लिहायचा. चंद्रव्वा पहिल्या पानावर सासू म्हणून लिहून झाली होती, म्हणून तिसऱ्या पानावर आजीच्या ओळीत लिहिता येईना. म्हणून समासात लिहिलं. लिहून तुला विचारलं. तू लिहिलंस, सासू-नणंद रक्ताच्या नाहीत, खोड. मला वाटलं, तुला ठाऊक असून सांगतेयस. तू काय लंडनची आहेस? सोलापूरच्या भवानी पेठेत वाढलेली पोर तू! मी काय समजावून सांगू तुला, की आमच्याकडे मामाला देतात म्हणून?

आणि मी? मला तर ठाऊक होतं ना? पट्टी ठेवून सरळ रेघ मारली मी. चौतीस वर्षं नर्स, चंद्रव्वाची ड्रेसिंगं मी केलीत, शेवटच्या महिन्यात तिला अंघोळ मी घातलीय, आणि तिच्या नातीच्या कागदावरून तिला मी खोडलं. का, तर पुण्याहून कळवलं म्हणून.

त्र्याण्णव फॉर्म आहेत. कालपासून त्यांची यादी काढून बसलेय. कोण कुणाची सासू आणि कोण कुणाची आजी, ते आता मी लिहिणार. तुझ्या फॉर्मवर नाही, माझ्या वहीत. तू तुझं तोंड उघडून तुझ्या सरांना सांग.

विजयमाला

---

पुणे, २८ एप्रिल २०२५

मावशी,

तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी मामांना दिल्या होत्या. एकीच्या लग्नात मी करवली होते. आणि तो फॉर्म मराठीत करताना मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. तिथल्या लोकांनी लिहिलं होतं, सासरची माणसं लिहू नयेत. त्यांच्याकडे ते बरोबरच असणार. मी फक्त भाषा बदलली. दिल्लीत ज्या आकड्यावर टाळ्या मिळाल्या तो आकडा म्हणजे तू खोडलेल्या त्र्याण्णव ओळी. तुमच्या तालुक्यात घराण्यातून येणारा कॅन्सर कमी नव्हताच. तो मीच पुसायला लावला होता.

सरांना सांगितलं. त्यांनी निबंधाची पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, छापताना खाली एक टीप देऊ, अशा पाहण्यांत थोडं इकडचं तिकडं होतंच. मी म्हटलं, निबंध मागे घ्यायचा. ते म्हणाले, पुढच्या पाच वर्षांचा निधी जाईल, तुझ्यासारख्या सहा जणांच्या नोकऱ्या जातील. मी निबंध मागे घेतल्याचं पत्र पाठवलं. निधीचं काय होईल माहीत नाही. हे मोठेपणानं सांगत नाही, मोठेपण कसलं आलंय यात.

तुझ्या वहीतल्या घरांपैकी जिथं जिथं सासू म्हणजे आजी किंवा आत्या निघेल, त्या प्रत्येकीचं एमआरआय आणि जनुकांची तपासणी मी करवून घेईन. कशी ते माझ्यावर सोड. मल्लप्पाचंही रक्त पाठव. चंद्रव्वाचा मुलगा आहे तो, त्याच्यातही असू शकतं. म्हणजे त्या दोन मुलींना ते कुठल्याही बाजूनं आलेलं असू शकतं.

एकच मागते. शिवानीला आत्ता सांगू नकोस. तिची केमो चालू आहे, तिचं मन खचेल. तिला बरं वाटू दे, मग मी स्वतः येऊन सांगेन.

खरं सांगू? मन खचेल हे निमित्त आहे. मला भीती वाटते. ती माझ्याकडे बघेल तेव्हा मी काय करू?

ऋतुजा

---

दुधनी, १९ सप्टेंबर २०२५

ऋतुजा,

शिवानी गेली. अकरा तारखेला, सोलापूरच्या हॉस्पिटलात, सकाळी. गाडी करून दुधनीला आणली आणि त्याच दिवशी माती दिली. तू फोन केलास तेव्हा मल्लप्पानं उचलला नाही, कारण त्याला कळलं नाही की वाजतोय. थोरली मुलगी शाळेच्या गणवेशातच होती. धाकटी सारखी विचारत होती, अव्वाच्या, आईच्या, डोक्याला रुमाल का नाही बांधला.

मल्लप्पाचा रिपोर्ट पाकिटातून आला होता, तो मी वाचून दाखवला. त्याच्यातही आहे. त्यानं विचारलं, "पोरींस्नी?" मी म्हटलं, मोठ्या झाल्या की तपासू, आत्ता काही करायचं नाही, पण त्यांच्या कागदावर आई, आजी, पणजी, आत्या सगळ्या लिहून ठेवायच्या. तो म्हणाला, तुमीच लिवा. मी लिहिल्या.

त्र्याण्णव घरं फिरून झाली. छत्तीस ठिकाणी सासू किंवा नणंद रक्ताचीच निघाली. तू केलेल्या एमआरआयमध्ये तिघींना काहीतरी दिसलं. एकीची गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी, काढून झाली, ती परवा बाजारात भेटली. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तुझ्या नोंदीत लागेल म्हणून लिहितेय.

आता जे लिहायचं आहे ते. तू सांगितलं होतंस, शिवानीला सांगू नकोस. मी मे महिन्यातच सांगितलं होतं. तुझ्यापासून लपवलं. तिसऱ्या केमोला मी तिच्याबरोबर गेले होते. सलाईन लावलेलं, मल्लप्पा औषधं आणायला खाली गेलेला. मला ते गिळून बसवेना. म्हटलं, शिवानी, मी तुझ्यावर ओरडले त्या दिवशी, पण चूक माझी होती गं. ती ओळ खोडायला नको होती. चंद्रव्वा तुझी आजी, गुरम्मा तुझी मावशी, हे धरायलाच हवं होतं. धरलं असतं तर तुझा मोठा फोटो काढला असता, कदाचित लवकर सापडली असती.

मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती छताकडे बघत पडून होती. मग सावकाश बोलायला लागली. तिचे शब्द मी घरी येऊन लिहून ठेवले, जसे बोलली तसेच.

"बाई, अज्जी गेली तवा मी सात वर्साची व्हते. मावशीचं काढलं तवा लगीन झाल्यालं. तवापास्नं मी रोज आंगुळीला बसले की हात लावून बगायची. रोज. एक दिस चुकवला न्हाय. भ्याच वाटायचं तसलं. मग तुमी येऊन खोडलंत. सही घेतलीत माझी. मला वाटलं, पुण्याच्या मोठ्या बायांनी मशीनीत बगून ठरवलं, हे हिच्याकडं न्हाय धरायचं. त्या दिसापास्नं मी बगायचं सोडलं. श्रावणात साबण लावताना हाताला लागली. तरीबी मी म्हटलं, ही ती न्हवं. ती तर बाईंनी खोडलीय की."

ऋतुजा, मी तिला ओरडून विचारलं होतं, सहा महिने का गप्प बसलीस म्हणून. तेव्हाच तिला उत्तर ठाऊक होतं. गाडीवरच्या माणसांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून ती बोलली नाही.

मी रडायला लागले. बाकावरच्या सगळ्या बाया बघायला लागल्या. तिनं सलाईनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माझा पदर ओढला.

"रडू नगा की. माझं म्हननं ऐका. बारक्यापणी अज्जीला तसं बगितलं, तवापास्नं मला कदी नीट झोप न्हवती. तुमी खोडलं, तितनं पुढं सहा म्हैने मी लई झोपले बाई. पोरींना कुशीत घिऊन झोपले. तेवडंच मला गावलं."

मल्लप्पा औषधं घेऊन वर आला, म्हणून मी डोळे पुसले.

हे तुला मी चार महिने लिहिलं नाही. आता लिहिलंय, तर तू ये. ती ओळ खोडणं चूक होतं हे मल्लप्पाला अजून कुणी सांगितलेलं नाही, ते तू सांगायचंस. मी शेजारी बसेन.

विजूमावशी